आकड्यांनी आखलेला तालुका

टेलिफोन नंबर लक्षात ठेवायचा असतो, फिरवायचा असतो, चुकला तर पुन्हा फिरवायचा असतो. त्याच्याकडे नकाशा म्हणून पाहण्याची सवय आपल्याला नाही. पण देशाच्या नकाशावर महसूल खात्याने, रेल्वेने आणि पोस्टाने जशा आपापल्या रेषा मारल्या, तशाच दूरसंचार खात्यानेही मारल्या, आणि या रेषा बाकीच्यांच्या रेषांशी जुळतातच असे नाही.

पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, उजनीच्या फुगवट्याला लागून असलेले भिगवण पाहा. रोहित पक्ष्यांसाठी आणि मासळीबाजारासाठी हे गाव सर्वांच्या ओळखीचे. महसुलाच्या दप्तरात ते इंदापूर तालुक्यात, व्यवहाराने बारामती आणि दौंडलाही तितकेच जवळ. रेल्वेने सोलापूरकडे निघाले की पुढचे जिंती रोड स्टेशन करमाळा तालुक्यात, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात. पाण्यापलीकडे कर्जत, तो आणखी तिसरा जिल्हा. आता एसटीडी कोडांची यादी काढा. इंदापूर ०२१११, बारामती ०२११२, दौंड ०२११७, करमाळा ०२१८२, कर्जत ०२४८९. आणि भिगवणचा ०२११८, जो वालचंदनगरचाही आहे. एकाच तालुक्यात दोन कोड! तालुक्याच्या कचेरीत फोन करायचा, तरी भिगवणकराने आधी शून्य लावायचे. सरकारच्या एका खात्याच्या लेखी इंदापूर त्याचे घर, तर दुसऱ्याच्या लेखी परगाव.

हे कोणाच्या लहरीने झालेले नाही. ग्राहकाने ऑपरेटरला न विचारता थेट परगावी फोन फिरवण्याची सोय आपल्याकडे नोव्हेंबर १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात सुरू झाली. त्याआधी ट्रंक कॉल नोंदवायचा, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचे आणि वाट पाहत बसायचे. थेट डायलिंग आल्यावर प्रश्न उभा राहिला तो पैशांचा. कॉल किती लांबचा आहे हे यंत्राला कसे कळणार? म्हणून देशाचे लहान लहान आकारणी क्षेत्रांत तुकडे पाडले. आज अशी २,६०० हून अधिक क्षेत्रे आहेत. एका क्षेत्राच्या आतला कॉल स्थानिक, बाहेरचा एसटीडी. बहुतेक ठिकाणी एक तालुका म्हणजे एक क्षेत्र असा हिशेब बसला. जिथे बसला नाही, तिथे तालुका फुटला.

कोडांनाही घराणी असतात. पुण्याचा जुना कोड ०२१२, मग त्याच्या भोवतीची भोर, लोणावळा, सासवड, इंदापूर, बारामती ही मंडळी ०२११ ने सुरू होतात. सोलापूर ०२१७, म्हणून करमाळा, बार्शी, पंढरपूर ०२१८ मध्ये. विदर्भ मात्र या घराण्यात नाहीच. नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, आणि त्यांचे शेजारी इंदूर ०७३१, भोपाळ ०७५५. राज्य १९६० मध्ये एक झाले, पण टेलिफोनच्या लेखी वऱ्हाड-नागपूर माळव्याच्या पंगतीत बसले आहे. तिकडे गोव्याचा ०८३२ आणि बेळगावचा ०८३१ हे अगदी सख्खे. ज्यांना सीमाप्रश्नावर वाद घालायची हौस आहे, त्यांनी हा पुरावा वापरू नये एवढीच विनंती; तारा आणि एक्स्चेंज पाहून केलेली ही वाटणी आहे.

या साऱ्यामागचे यंत्राचे तर्कशास्त्र तसे सोपे आहे. एक्स्चेंज आकडे एकेक करून ऐकते आणि पहिल्याच आकड्यावर दिशा ठरवते. शून्य आले की परगाव. एक आला की विशेष सेवा: १००, १०८, ११२, रेल्वेची १३९, सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३०. म्हणूनच कोणाच्याही घरचा नंबर एकने सुरू होत नाही. दोन ते सहा हे आकडे लँडलाइनला दिले. नऊवर मोबाइल आला, मग तो पुरेना म्हणून आठ, सात आणि शेवटी सहावरही पसरला.

इथेच खरी गोम आहे. नंबर काही आकाशातून पडत नाहीत. दहा आकड्यांत जेवढे मावतात तेवढेच. २००३ च्या राष्ट्रीय क्रमांक योजनेने कोड आणि स्थानिक नंबर मिळून दहा आकडे हा नियम पक्का केला. भिगवणचा कोड शून्य सोडून चार आकडी, म्हणून स्थानिक नंबर सहा आकडी. पुण्याचा दोन आकडी झाला, म्हणून तिथे आठ. पहिला आकडा दोन ते सहा धरला, तर एकट्या ०२११८ मध्ये पाच लाख नंबर बसतात. तेवढे टेलिफोन तिथे कधी नव्हते आणि होणारही नाहीत. पण ते नंबर दुसरीकडे देता येत नाहीत, कारण ते त्या क्षेत्राला बांधलेले. असे २,६०० हून अधिक रांजण, बहुतेक अर्धेअधिक रिकामे. २०२४ च्या अखेरीस देशात लँडलाइन जोडण्या ४ कोटींच्या आत होत्या आणि मोबाइल ११५ कोटींच्या आसपास. ज्याच्याकडे माणसे नाहीत त्याच्याकडे वाडा, आणि ज्याचे कुटुंब वाढले तो दोन खोल्यांत, असा हा संसार.

वाटणी बदलण्याचे काम दोघांचे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, शिफारस करते आणि दूरसंचार विभाग निर्णय घेतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले. लोक वैतागले, पण त्या एका शून्यामुळे पुढेमागे २५४ कोटींहून अधिक नंबर मोकळे होऊ शकतात, असा ट्रायचा हिशेब होता. शून्य ऐकले की एक्स्चेंजला कळते की हा नंबर गावातला नाही, आणि मग दोन ते सहा या आकड्यांमधल्या न वापरलेल्या जागाही मोबाइलला देता येतात.

६ फेब्रुवारी २०२५ रोजी ट्रायने पुढची शिफारस केली. लँडलाइनचे नंबर तालुक्याच्या क्षेत्राला न बांधता संपूर्ण परिमंडळाला बांधावेत, आणि गावातल्या गावात फोन करतानाही शून्य, कोड आणि नंबर असे सगळे आकडे लावावेत. म्हणजे भिगवणातून भिगवणात सहाऐवजी अकरा आकडे. मला ही शिफारस पटते. हिशेब ज्यासाठी मांडला होता ते अंतराचे पैसे केव्हाच संपले आहेत. रात्री अकरानंतर पाव दर म्हणून पिवळ्या बूथसमोर रांग लावणारी पिढी आता नातवंडांशी व्हिडिओवर बोलते. पण आजही लँडलाइन कोण वापरते, याचा विचार मात्र हवा. शाळा, सरकारी कचेऱ्या, दवाखाने आणि घरातली म्हातारी माणसे. त्यांच्या पाट्यांवर, पावत्यांवर, भिंतीवरच्या डायरीत अजून सहाच आकडे आहेत. कागदावरचा बदल त्या भिंतीपर्यंत पोहोचवायचा कोणी?

याहून मोठा प्रश्न मोबाइलचा आहे. जुना नंबर ऐकला की गाव कळायचे. २०११ च्या जानेवारीत नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली आणि नंबरावरून कंपनी कळेनाशी झाली. जुलै २०१५ मध्ये परिमंडळ ओलांडूनही नंबर नेता येऊ लागला आणि राज्यही कळेनासे झाले. नंबराने पत्ता सांगणे सोडले आणि त्याच वेळी आपण त्याला बँकेचे खाते, आधार, पेन्शन, पीककर्ज सारे बांधून टाकले. बँकेचा म्हणून येणारा फोन खरा की खोटा हे ओळखायला आता पुन्हा आकड्यांचाच आधार घेतला जात आहे. बँका आणि विमा कंपन्यांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे, तर जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवले आहेत. निदान एवढे तरी घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे.

आणि नंबर आपला नसतो, हेही. तो सरकारचा, कंपनी आपल्याला वापरायला देते. ट्रायच्या २०२५ च्या शिफारशीत न वापरलेली जोडणी ९० दिवसांच्या आत बंद करू नये, आणि ३६५ दिवस वापर नसेल तर ती बंद करावीच, असे म्हटले आहे. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला मिळतो. मुलाकडे परदेशी वर्षभर राहायला गेलेल्या आजोबांचे कार्ड घरी कपाटात पडून असेल, तर त्यांच्या बँकेचा ओटीपी परतल्यावर कोणाच्या हातात येईल, हे जाण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

परिमंडळांची हद्दही एकदा पाहून ठेवावी. भिगवण आणि पणजी एकाच महाराष्ट्र परिमंडळात येतात. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण यांचे परिमंडळ वेगळे आहे.