शाळेचं नाव आणि शाळेचं रजिस्टर

दिवाळीच्या सुट्टीत जतला आमच्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला. 1996ची बॅच. मंगल कार्यालय घेतलं होतं. पुरुषांना फेटे, बायकांना एकाच रंगाच्या साड्या. सरांवर आणि बाईंवर फुलं उधळून त्यांना आत आणलं, शाल-श्रीफळ झालं. मग एकानं खरोखरची पितळी घंटा आणली होती ती वाजवली, प्रार्थना म्हटली आणि हजेरी घेतली. असे मेळावे आता गावोगाव होतात आणि सगळीकडे साधारण हेच होतं. मी त्याला हसणार नाही. पंचेचाळिशीतली माणसं "हजर सर" म्हणून ओरडताना मीही ओरडलो आणि मला बरं वाटलं.

पण हजेरी चालू असताना मी कान देऊन ऐकत होतो. आठवीत आमच्या तुकडीत पाच मुस्लिम मुली होत्या. यादीत एकच नाव आलं. तेही माहेरचं. ती आली नव्हती, त्यामुळे नाव घेतल्यावर थोडी शांतता झाली आणि पुढचं नाव आलं. बाकी चौघींची नावंच नव्हती. लमाण तांड्यावरून येणारी दोन मुलं होती, त्यांतला एक माझ्या बाकावर बसायचा. त्याचंही नाव नव्हतं. यादी कशावरून केली, असं विचारलं तर उत्तर मिळालं, व्हॉट्सॲप ग्रुपवरून. ग्रुप कशावरून केला? "दहावी पास झालेल्यांचे नंबर होते तेवढे घेतले."

म्हणजे शाळेत येणं पुरेसं नव्हतं, पास होऊन बाहेर पडणाराच माजी विद्यार्थी. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं होतं. मला तेच जास्त लागलं.

आता जतविषयी दोन शब्द, कारण बाहेरच्या वाचकाला आमच्या शाळाप्रेमाची तऱ्हा कळायची नाही. जत म्हणजे सांगली जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक. सांगलीपेक्षा विजापूर जवळ. डफळ्यांचं संस्थान होतं, ते 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढच्या वर्षी दक्षिण सातारा नावाचा जिल्हा निघाला, त्यात आम्ही गेलो, आणि 1960 साली त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. पाऊस कमी, कृष्णा लांब. जतला बदली म्हणजे शिक्षा, असं नोकरदार मंडळी आजही बोलतात. दोन्हीकडच्या सरकारांना आमची आठवण भांडणापुरती येते. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तालुक्यातल्या चाळीसेक गावांचा विषय काढला तेव्हा आठवडाभर आम्ही टीव्हीवर होतो. म्हैसाळच्या पाण्यासाठी त्याआधी कित्येक वर्षं ओरडत होतो, तेव्हा कॅमेरे नव्हते.

अशा गावात मिरवायला काय असतं? यल्लम्मा देवीची जत्रा, माडग्याळची मेंढी आणि शाळा. पुण्यात कुणी विचारलं की आम्ही गावाच्या आधी शाळेचं नाव सांगतो. गावचं कॉलेज म्हणजे राजे रामराव महाविद्यालय. 1928 पर्यंत गादीवर असलेल्या राजांचं नाव, आणि ते 1969 मध्ये चालू केलं कोल्हापूरच्या स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेनं. तेव्हा तर राजा नव्हता, संस्थान नव्हतं, तरी नाव राहिलं. जतमध्ये शिकणं ही अजूनही घराण्याला सांगण्यासारखी गोष्ट आहे.

आमच्या वर्गात मात्र घराण्यांची भाषा एक नव्हती. निम्म्या वर्गाच्या घरी कन्नड, आमच्या घरी दखनी, तांड्यावरच्यांच्या घरी गोरमाटी. घरची भाषा मराठी असलेली मुलं होती, पण त्यांचंही शुद्धलेखन आमच्याइतकंच वाईट. अब्बा संध्याकाळी विचारायचे, "क्या पढ्या रे आज?" आणि मी मराठीतलं धडा-कविता दखनीत सांगायचो. मी आज हा मजकूर मराठीत लिहितोय तो त्या वर्गाच्या जोरावर. मराठी मुसलमान, असं मी स्वतःला म्हणतो, त्यातला मुसलमान घरून आला आणि मराठी शाळेतून. म्हणून शाळेचा अभिमान हा माझ्या बाबतीत केवळ आठवणींचा मामला नाही. शाळा गेली तर माझ्या ओळखीचा अर्धा भाग जातो.

आणि तरीही मी दोन वर्षांपूर्वी तो ग्रुप सोडला होता. कारण वाचकांना सांगायची गरज नाही. आपल्यातल्या बहुतेकांनी एक ना एक ग्रुप त्याच कारणानं सोडलेला आहे. निवडणुकीचे दिवस होते, एक फॉरवर्ड आला, "या लोकांना" काय करायला हवं त्याविषयीचा. टाकणाऱ्याच्या डब्यातली चटणी-भाकरी मी चार वर्षं खाल्ली होती. त्यानं तो वाचूनही टाकला नसेल. पण ग्रुपमध्ये बावन्न माणसं होती आणि कुणीही काही बोललं नाही. तासाभरानं कुणीतरी "शुभ सकाळ"चं फूल टाकलं. मी बाहेर पडलो. दोघांनी फोन करून "अरे, मनावर घेऊ नको" म्हटलं. ग्रुपवर कुणी म्हटलं नाही.

घरी बायको म्हणाली, बरं केलंत. जमातीतले मित्रही म्हणाले, आपला आपला ग्रुप काढू या. काढलाही. तिथे दर जूनमध्ये आमच्या पोरांचा गुणगौरव होतो, मशिदीशेजारच्या हॉलमध्ये ट्रॉफ्या वाटतो. चांगलं काम आहे, मी त्यात असतो. पण दरवर्षी तिथे बसल्यावर एक विचार येतो. या मुलीला नव्वद टक्के पडले ते ज्या शाळेत, तिथले सर इथे का नाहीत? आणि तिच्या शाळेच्या कार्यक्रमात आमच्यातलं कुणी पालक म्हणून का उभं नाही? आपण आपल्या मुलांचं कौतुक आपल्याच माणसांना सांगत बसलो तर शाळेला ती मुलं आपली कधी वाटणार?

मी ग्रुपवर परतलो ते मात्र अशा कुठल्या थोर विचारानं नव्हे. मला कामासाठी परतावं लागलं.

मुलगी बारावी झाली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला ओबीसीचा दाखला हवा होता. आम्ही बागवान. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा जाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. त्यासाठी जालन्याच्या शब्बीर अन्सारींसारख्या माणसांनी जिल्हे पालथे घातले, दिलीपकुमारांसारखा नट त्यांच्या सभांना उभा राहिला. हक्क मिळाला, पण तो सिद्ध करायला कागद लागतो, आणि कागद 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा लागतो. आमच्या लोकांची अडचण नेमकी इथेच. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात "मुसलमान" एवढंच. नाव घालणाऱ्या गुरुजींनी आडनाव विचारलं, जात विचारली नाही. आणि अब्बांनी सांगितली नाही, कारण मुसलमानात जात नसते, असं त्यांना मनापासून वाटायचं. मलाही वाटतं. तहसीलदार कचेरीला तसं वाटत नाही. (जत आणि जात यांत फरक एका कान्याचा, हा आमच्याकडचा जुना विनोद आहे. त्या महिन्यात मला तो फारसा आवडला नाही.)

अब्बा शाळेत गेलेच नाहीत. त्यांचे थोरले भाऊ, आमचे बडे अब्बा, चौथीपर्यंत गेले होते. 1954 साली पहिलीत. म्हणजे कुठल्यातरी प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांची एक ओळ असणार. कुठल्या शाळेच्या, ते त्यांना आठवत नव्हतं. आता तर ते राहिलेही नाहीत.

त्या वेळी मला वर्गातला एक धनगराचा मुलगा आठवला. मुलगा कसला, आता प्राथमिक शिक्षक आहे, दोन मुलींचा बाप. ग्रुप सोडल्यापासून बोलणं नव्हतं. फोन केला. त्यानं "कसा आहेस" विचारलं नाही, साल विचारलं. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर आणि त्याच्या पुढच्या शनिवारी असे दोन दिवस तो माझ्याबरोबर जुनी कपाटं उघडत फिरला. वाळवीनं खाल्लेली पानं, पुसलेली शाई, उंदरांच्या लेंड्या. दुसऱ्या दिवशी साडेचारला सापडलं. बडे अब्बांचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अंदाजे टाकलेली, जिल्हा "दक्षिण सातारा" आणि रकान्यात तिरक्या अक्षरात "मुसलमान बागवान". कुणा गुरुजींनी एक शब्द जास्त लिहिला होता. सत्तर वर्षांनी माझ्या मुलीचा प्रवेश त्या एका शब्दावर झाला. पुढे कचेरीत "दक्षिण सातारा" वाचून तरुण कारकुनानं विचारलं, साहेब, तुम्ही साताऱ्याचे का?

फॉरवर्ड आला त्या दिवशी ग्रुपवर हा शिक्षकही गप्पच बसला होता. मी त्याला त्याबद्दल विचारलं नाही. कपाटं उघडताना एकदा विचारावंसं वाटलं होतं. त्यानं मला परत ग्रुपवर घेतलं, मी नाही म्हटलं नाही.

तेव्हापासून माजी विद्यार्थी संघटना म्हणजे काय, याविषयी माझं मत बदललं आहे. कॉलेजांना नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचे गुण असतात, म्हणून संघटना नोंदवल्या जातात, फॉर्म भरून घेतात, फोटो काढतात. हायस्कुलांत बॅचवाले वर्गणी काढून कमान बांधतात, पाण्याचं मशीन बसवतात, त्यावर बॅचचं नाव रंगवतात. आमच्या मेळाव्यातही कमानीचा विषय निघाला. मी म्हटलं, कमानीआधी रजिस्टरं वाचवा. एक साधा स्कॅनर, दोन महिने एका माणसाचा पगार, आणि गावातल्या शाळांची 1967 च्या आधीची पानं जपून ठेवता येतील. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समितीचं काम चालू झालं तेव्हा याच कपाटांची धूळ झटकली गेली. मराठ्यांना, धनगरांना, लमाणांना, आम्हाला, सगळ्यांना तेच कपाट लागतं. शाळेशी जोडलेलं राहण्याचं याहून सरळ कारण मला तरी दिसत नाही. दोघंतिघं हो म्हणाले. कमानीला मतं जास्त पडली.

मोठ्या संस्थांचे दाखले देता येतील. अलिगढच्या जुन्या विद्यार्थ्यांनी 1899 मध्येच संघटना काढली आणि आजही 17 ऑक्टोबरला, सर सय्यद यांच्या जन्मदिनी, जगात जिथे म्हणून अलिगढवाले असतील तिथे जेवणावळी होतात. आपल्याकडे त्याचं अप्रूप असतं. पण मला जास्त जवळचा वाटतो तो साताऱ्याचा दाखला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये तिथे शाहू बोर्डिंग काढलं. सगळ्या जातिधर्मांची पोरं एकत्र राहायची, एकत्र रांधायची, एका पंगतीत जेवायची. तिथून शिकलेल्यांपैकी कित्येक जण रयतच्याच शाळांत मास्तर होऊन परत आले. बॅरिस्टर पी. जी. पाटील विलायतेला जाऊनसुद्धा परत आले. त्याच्याही आधी, 1906 मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुसलमान पोरांच्या शिक्षणासाठी संस्था काढली आणि त्यांच्या बोर्डिंगला जागा दिली. आपल्यातल्या कितीतरी घरांत शिकलेला पहिला माणूस त्या बोर्डिंगमधून आला. परत येणं, म्हणजे नुसतं फेटा बांधून एक दिवस येणं नव्हे, हे या भागाला नवीन नाही.

आणि आपल्या वाचकांतल्या ज्यांनी असे ग्रुप सोडले आहेत त्यांना मी परत जा म्हणणार नाही. प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी, आणि अपमान गिळायचा ठेका आपणच घेतलेला नाही. पण ग्रुप म्हणजे शाळा नव्हे. ग्रुप एका ॲडमिनचा असतो. शाळेच्या रजिस्टरात तुमची ओळ आहे ती कुणाला रिमूव्ह करता येत नाही. ग्रुप सोडा, पण शाळेत जाणं सोडू नका. पालकसभेला जा, शाळा व्यवस्थापन समितीवर नाव द्या, पंधरा ऑगस्टला झेंड्याला उभे राहा. मशिदीजवळच्या हॉलमधल्या गुणगौरवाला त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना बोलवा.

मेळाव्यानंतर मी आठवीच्या तुकडीची यादी आठवून लिहायला घेतली. माझी चव्वेचाळीस नावं झाली, शिक्षक मित्रानं सात भर घातली. त्या चौघींपैकी एकीचा पत्ता लागला. मणेरांच्या घरची, आता जत्रांतून बांगड्यांचं दुकान लावते. तिच्या भावाच्या फोनवरून बोलणं झालं. म्हणाली, "मी नववीत शाळा सोडली. मला कशाला बोलवताय मेळाव्याला?" मी म्हटलं, तुझं नाव रजिस्टरात आहे. थोडं थांबून तिनं विचारलं, "त्यात आमची जात लिहिलीय का बघशील? पोराला दाखला पाहिजे."

तिच्या बापाचं साल काढायचं आहे. मार्गशीर्षात यल्लम्माच्या जत्रेला ती येईल तेव्हा दुकानावर जाऊन विचारून घेणार आहे. शिक्षक मित्राला एक शनिवार मोकळा ठेवायला सांगितलं आहे.