पडद्याआडचा डॅक

घरच्या संगीतयंत्रणेसाठी नवा डॅक घ्यावा, असे मध्यंतरी माझ्या मनाने घेतले. त्या निमित्ताने दोन-तीन महिने मी जे वाङ्मय वाचले, त्याविषयी साहित्याच्या विद्यार्थ्यांशी आणि अध्यापकांशी बोलणे मला अगत्याचे वाटते. डॅक म्हणजे अंकांच्या रूपात साठवलेल्या ध्वनीचे विजेच्या सलग लहरीत रूपांतर करणारे उपकरण. सीडी प्लेअरमध्ये, संगणकात तो असतोच. हौशी माणूस तो वेगळ्या पेटीत विकत घेतो, आणि मग त्याहून महागड्या पेटीची स्वप्ने पाहू लागतो. या पेट्यांची परीक्षणे वाचताना ही भाषा आपल्या ओळखीची आहे, असे सारखे जाणवत होते. एक पेटी ‘ऊबदार’, दुसरी ‘काटेकोर पण कोरडी’, तिसरीच्या स्वरांभोवती ‘मोकळा अवकाश’. आपल्याकडच्या कवितासंग्रहांच्या परीक्षणांत हीच विशेषणे वर्षानुवर्षे सुखाने नांदत आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे: डॅकच्या बाबतीत ही विशेषणे बहुतेक वेळा ध्वनीचे वर्णन करीत नाहीत. ती पेटीच्या किमतीचे, तिच्या कंपनीच्या लौकिकाचे आणि परीक्षकाच्या अपेक्षेचे वर्णन करतात. आणि या प्रकाराला भुलण्याची सबब साहित्याच्या माणसाला तरी नाही, कारण तो उघडा पाडणारी कसोटी आपल्याच शास्त्राने वापरलेली आहे.

केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावे काढून टाकलेल्या कविता विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या आणि त्यांचे अभिप्राय लिहून घेतले. त्यातून १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ निघाला. नाव झाकताच चांगल्या शिकलेल्या वाचकांचीही तारांबळ उडाली. मान्यवरांच्या कविता झिडकारल्या गेल्या आणि सामान्य पद्ये वाखाणली गेली. या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती बरीचशी रास्त आहे. कवितेला काळ असतो, परंपरा असते. ते सारे पुसून टाकल्यावर उरते ती संपूर्ण कविता नव्हे. डॅकच्या बाबतीत मात्र हा आक्षेप लागू पडत नाही. दिलेला ध्वनी आपले काही न मिसळता पुढे पाठवणे, एवढेच त्याचे काम. तेव्हा त्याचे नाव झाकल्याने ऐकण्यातले काहीच हरवत नाही.

हे काम आज किती अवघड आहे? सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. ‘नमुन्यांच्या मधले संगीत हरवते’ हे विक्रेत्यांचे आवडते वाक्य. पण एका मर्यादेपर्यंतच्याच कंपनसंख्या असलेली लहर, त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतल्यास संपूर्णपणे परत मिळवता येते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात मांडले आहे. माणसाचा कान तरुणपणी फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो; १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. हे नीट करून दाखवणे आता स्वस्त चिपलाही जमते.

२००७ साली मेयर आणि मोरान या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाच्या डिस्कवरचा ध्वनी एकदा थेट ऐकवायचा आणि एकदा वाटेत सीडीच्या प्रतीचे एक जादा रूपांतर घुसवून ऐकवायचा. ५५४ वेळा विचारले, त्यांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही तेवढीच आली असती. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: २०१६ साली जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आले. प्रशिक्षित श्रोत्यांत ते अधिक होते. म्हणजे फरक अजिबात नसतो असे नाही. पण शंभरांत बावन्न वेळा ओळखू येणाऱ्या फरकाला ‘डोळ्यांवरचा पडदा दूर झाला’ असे म्हणणाऱ्या गद्याला काय म्हणावे?

माझा स्वतःचा अनुभव याहून वेगळा नाही. दुकानदाराने आठवडाभरासाठी दिलेला महागडा डॅक मी जुन्याशेजारी मांडला. भाच्याला बटणापाशी बसवले आणि मी पाठ फिरवली. पहिल्या फेरीत सोळांपैकी चौदा उत्तरे बरोबर! मी हरखलो. मग मल्टिमीटर लावून पाहिला, तेव्हा नव्या पेटीतून येणारा व्होल्टेज अधिक असल्याचे दिसले. आवाज किंचित मोठा असला की तो मोठा न वाटता ‘सखोल’ वाटतो, ही या व्यवहारातली जुनी खोड. दोन्ही पातळ्या सारख्या केल्यावर सोळांपैकी नऊ. पेटी परत करताना दुकानदार सहानुभूतीने म्हणाला, “सर, अजून तुमचा कान तयार व्हायचाय.”

मला खरा राग आहे तो या वाक्याचा, कारण ते मी वर्गात ऐकलेले आहे. एखाद्या प्रतिष्ठित कवीची कविता आपल्याला भिडली नाही, असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या मुलीला ‘तुझी जाण अजून वाढायची आहे’ असे सांगून खाली बसवतात. कान खरोखरच तयार होतात, जाणही वाढते. पण तयारीचा दाखला पडद्याआडून ओळखून द्यावा लागतो, किंमत पाहून नव्हे. ‘सहृदय’ म्हणजे ज्याला नाव आधी कळवावे लागते तो, अशी व्याख्या आपल्या कोणत्याही काव्यशास्त्रात नाही.

यावर ‘संगीत काय परीक्षेसाठी ऐकायचे असते?’ असे विचारले जाते. नसते. म्हणून घाई करू नये. पेट्या कापडाने झाकून महिनाभर ऐकावे. फरक टिकला तर तो खरा मानावा. काही डॅक मुद्दामच वेगळे वाजतात: नमुन्यांची संख्या न वाढवणारे आणि भरपाईची गाळणी नसलेले डॅक सीडी वाजवताना वीस हजार हर्ट्झपाशी सुमारे तीन डेसिबलने ढळतात. कोणाला ते आवडले तर खुशाल घ्यावेत, पण त्या ढळण्याला ‘सत्य’ म्हणू नये. संगणकातून खरखर येत असेल, हवी ती जोडणी नसेल, तरीही नवा डॅक जरूर घ्यावा. तो साधा असला तरी चालेल.

बाकी पैसे आणि श्रम कुठे लावावेत? स्पीकर, खोली आणि मुद्रण यांवर. १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे जवळपास तीन मिनिटांच्या तबकड्यांवर, खरखरीसकट, आपल्यापर्यंत आले. एकाच तबकडीच्या दोन प्रतींत, कोणी ती कशी स्वच्छ केली यावरून पडणारा फरक भाच्याने आणि मी दोघांनीही पाठ फिरवून सोळांपैकी सोळा वेळा ओळखला. त्यानंतर आम्ही स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले आणि खिडकीला जाड पडदा लावला. जुना डॅक आहे तिथेच आहे.