गांवास विचारलें कोणी ?

वसईच्या २९ गांवांस महापालिकेंतून मोकळें करण्याची २०११ सालची अधिसूचना सरकारनें २०२४ सालीं मागें घेतली. गांवें महापालिकेंत असावीं कीं नसावीं याविषयीं मतभेद असूं शकेल. परंतु हा निर्णय ज्या रीतीनें झाला, ती रीत लोकशाही म्हणविणाऱ्या राज्यास शोभणारी नाहीं.

३ जुलै २००९ रोजीं वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि ५३ गांवें एकत्र करून वसई-विरार महापालिका निर्माण झाली. केळी, फुलें व पानवेल यांवर जगणाऱ्या किनाऱ्याकडील गांवांनीं कडवा विरोध केला. कारण गूढ नव्हतें. ग्रामसभेंत उभा राहून सरपंचास जाब विचारणारा बागाईतदार आतां विरारच्या कचेरींत खिडकीपुढें अर्ज घेऊन तिष्ठणार होता ! त्याच वर्षीं श्री. विवेक पंडित याच मुद्द्यावर अपक्ष उभे राहून विधानसभेवर निवडून आले. पुढें ३१ मे २०११ रोजीं गांवें वगळण्याची अधिसूचना निघाली. महापालिका हायकोर्टांत गेली, स्थगिति मिळाली, आणि मतपेटींतून मिळालेला कौल दहा वर्षांहून अधिक काळ दप्तरांत कुजत पडला.

वसई २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच होती, तेव्हां हें प्रकरण परक्याचें म्हणून कोपरीच्या वाचकांनीं सोडून देऊं नये. शेजारच्या कल्याणकडील २७ गांवांची गति तर याहून विचित्र. १९८३ सालीं तीं महापालिकेंत घातलीं, २००२ सालीं काढलीं, २०१५ सालीं पुन्हां घातलीं, २०२० सालीं त्यांतलीं १८ पुन्हां काढलीं. घरांतला पाटावरवंटाही कोणी इतक्या वेळां हलवीत नाहीं ! ही शेवटची वगळणी हायकोर्टानें २०२० च्या डिसेंबरांत रद्द केली. कां, तर महापालिकेशीं विचारविनिमय करण्याचें बंधन सरकारनें पाळलें नव्हतें.

निकाल कायद्यास धरून आहे, दोष कायद्याचाच. १९४९ च्या महापालिका कायद्याच्या तिसऱ्या कलमान्वयें हद्द बदलतांना महापालिकेचा विचार घेणें आवश्यक. रहिवाशानें फार तर हरकत नोंदवावी. शिवाय गांव एकदां महापालिकेंत गेलें कीं त्याची ग्रामसभाच उरत नाहीं. मग बाहेर पडण्याची इच्छा त्यानें सांगावी तरी कोणत्या तोंडानें ?

आमचे व्यापारी वाचक म्हणतील कीं पाणी, रस्ते, गटारें यांस मोठी संस्था हवी, आणि ग्रामपंचायतींच्या अमदानींत बेकायदा इमारतींचें पीक कमी आलें नाहीं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण त्या गांवकऱ्यांस पटवून द्याव्या आणि मग त्यांचें मत घ्यावें. गांवांतलें दारूचें दुकान बंद करावें कीं नाहीं यावर मतदान घेण्याची सोय याच राज्यांत आहे. बाटलीस जो मान मिळतो तो गांवास मिळूं नये काय ? हद्दबदलापूर्वीं त्या त्या गांवच्या मतदारांचा गुप्त मतदानानें कौल घेणें बंधनकारक करणारी दुरुस्ती तिसऱ्या कलमांत झाली पाहिजे, आणि ठाणें-कल्याणच्या आमदारांनीं ती येत्या अधिवेशनांत मांडावी.