पहिल्या पावसाच्या आत सापळे लावा!

जूचंद्रमधले शेतकरी, परसात चार भाज्या लावणाऱ्या माय-भगिनी, मिठागरांवर राबणारे बांधव आणि नायगाव पूर्वेच्या नव्या इमारतींत राहायला आलेली मंडळी, सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. मृग तोंडावर आला आहे. पाऊस लागण्याआधीचे हे थोडेच दिवस उंदीर-घुशी धरायला वर्षातले सगळ्यात सोयीचे आहेत. ते हातचे गेले तर पुढे दिवाळीपर्यंत आपण नुसती धावाधाव करत राहू.

आत्ताच का, ते आधी सांगतो. खाचरं सध्या कोरडी आहेत. शेतात दाणा नाही, हिरवं काही नाही. उंदीर-घुशी बांधांत, पडीक जागेतल्या गवतात, पेंढ्याच्या उडव्यांखाली आणि घरांच्या जोत्याशी गोळा होऊन बसल्या आहेत. भुकेल्या आहेत, म्हणून आमिषाला लवकर येतात. शेतातली लहान जातीची घूस तीन-साडेतीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा ते आठ पिलं होतात आणि ती पिलंही साधारण तीन महिन्यांत वेताला येतात. आज एक मादी धरली, तर भात कापायच्या वेळी तिची किती पिल्लावळ शेतात नसेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. भात पोटरीत आलं की त्यांची वीण जोरात सुरू होते. तेव्हा कितीही धरल्या तरी मागून येतच राहतात.

आणि एकट्याने धरून भागत नाही, हे मला सगळ्यांत आधी गावाच्या गळी उतरवायचं आहे. तुम्ही तुमचं खाचर साफ केलं आणि शेजारच्याने काही केलं नाही, तर रिकामी झालेली बिळं शेजारचे उंदीर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भरून काढतात. दरवर्षी आपण हेच करतो. एक जण जूनमध्ये विष टाकतो, दुसरा ऑगस्टमध्ये पिंजरा आणतो, तिसरा लोंब्या तुटलेल्या दिसल्यावर जागा होतो. तिघांचाही पैसा वाया जातो. सगळ्या गावाने, एकाच आठवड्यात, एकाच वेळी सापळे लावले तरच उपयोग आहे. पाऊस लागण्याआधीचा एक शनिवार-रविवार पाड्यापाड्याने ठरवा आणि तिथून पुढे आठवडाभर कुणीही सापळा उचलायचा नाही.

ज्यांचं शेत नाही त्यांना वाटेल, चार लोंब्या खाल्ल्या तर काय बिघडलं. म्हणून घूस नेमकं काय करते ते एकदा जवळून बघा. बांधावरून चालताना टाच अचानक आत गेली, तर खाली बीळ आहे. तोंडाशी गोळ्यागोळ्यांच्या मातीचा ताजा उकीर असतो, आणि बहुतेक वेळा तोंड आतून मातीनेच बुजवलेलं असतं. खणत गेलात तर बोळ फुटत जातो, मध्ये गवत अंथरलेली पिलांची खोली लागते, आणि कापणीनंतरचं बीळ असेल तर एका कप्प्यात लोंब्या रचलेल्या सापडतात. वर उभ्या पिकात तिची खूण वेगळी असते. फुटवा जमिनीपासून थोडा वर तिरका कातरलेला, सुरीने कापावा तसा. खाते त्याच्यापेक्षा कातरून टाकते जास्त. रोपांच्या वाफ्यात तर पेरलेला दाणाच उकरून नेते, म्हणजे लावणीला आवणच कमी पडतं.

याहून मोठं नुकसान पाण्याचं आहे. बांधाला आरपार बीळ पडलं की रात्रीत खाचर रितं होतं. खत टाकून दोन दिवस झालेले असतील तर खतही त्या पाण्याबरोबर खालच्या शेतात जातं. आपल्याकडे खाडी जवळ आहे, पलीकडे मिठागरं आहेत. खारबंदिस्तीच्या बांधाला उंदीर आणि खेकडे पोखरतात, उधाणाचं पाणी त्या वाटेने झिरपायला लागतं आणि मग एखाद्या अमावास्या-पौर्णिमेला बांधच बसतो. खारं पाणी शिरलेल्या जमिनीत पुन्हा गोडं भात यायला पावसाळे जावे लागतात. उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेच्या, आसपासचे बांध आधी बघा, ही शेतकऱ्यांना खास विनंती. तिथलं बीळ दिसलं तर खणत बसू नका. सापळा लावा, आणि बीळ रिकामं झाल्यावर चिकण माती ठोकून ठोकून भरा. मुख्य बांध खणून काढला तर उंदराने जे केलं नाही ते आपणच करून बसू.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू उंदीर-घुशींच्या लघवीतून पाण्यात येतात. आपल्या पायाला लहानशी चीर असली तरी तिथून ते आत शिरतात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोने किती घरं उद्ध्वस्त केली ते आठवा. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली होतं, मिठागरांवरची माणसं अडकून पडली होती, ते तर आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. बीळ पाण्याने भरलं की उंदीर आपल्याच ओटीवर येतो. आणि लावणीच्या दिवसांत आपल्या बाया-माणसं दिवसदिवस गुडघाभर चिखलात असतात. चिखलात काम केल्यानंतर किंवा साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर घरात काढा पीत बसू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि शेतात पाण्यात होतो हे डॉक्टरांना न विचारता सांगा. वेळेवर कळलं तर साध्या औषधांनी हा आजार बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि यकृत निकामी होऊ शकतात. प्रतिबंधाची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील, दुकानातून आणून वाटू नका.

आता सापळ्याचं. घरातला लोखंडी पिंजरा चालतो, लाकडी फळीवरचा चापही चालतो. जुना पिंजरा असेल तर गरम पाण्याने धुवून उन्हात टाका. आमिषाला आपल्याकडे सुकटीसारखं दुसरं काही नाही. तव्यावर जराशी भाजलेली सुकट, नाहीतर सुक्या बोंबलाचा तुकडा आकड्याला घट्ट बांधा. नुसता टोचला तर उंदीर तो हलकेच काढून नेतो. सुकं खोबरं, भज्याचा तुकडाही चालतो. घरातला उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री पिंजऱ्याचं दार बांधून उघडंच ठेवा आणि आत खाणं ठेवा. चाप असेल तर तो न ताणता ठेवा. खाणं संपायला लागलं की मग सापळा खरा लावा. या दोन-तीन रात्रींचा धीर धरला नाही म्हणून कित्येकांचे पिंजरे आठवडाभर रिकामे राहतात आणि शेवटी माणूस विषाकडे वळतो.

जागा चुकवू नका. उंदीर उघड्यावरून जात नाही, भिंतीला किंवा बांधाला अंग घासत ठरलेल्या वाटेनेच जातो. त्या वाटेवर गवत दबलेलं असतं, भिंतीवर तेलकट काळा पट्टा उठलेला असतो. पिंजरा तिथे, भिंतीला लागून ठेवा. शेतात जित्या, म्हणजे वापरात असलेल्या, बिळाच्या तोंडापासून हातभर अंतरावर. चापावर उपडी टोपली ठेवून तिला फक्त उंदीर जाईल एवढी फट करा, म्हणजे कोंबडी, साळुंकी किंवा लहान मुलाचं बोट त्यात सापडणार नाही. रोज सकाळी उजाडताच सगळे सापळे बघायचेच. सापडलेला जीव दुपारपर्यंत उन्हात तडफडत ठेवणं माणुसकीला धरून नाही. त्याला खाडीपलीकडे नेऊन सोडणं म्हणजे आपलं दुखणं दुसऱ्या गावाला देणं. तो झटकन मारावा, उघड्या हाताने धरू नये. हातमोजे नसतील तर हाताला जाड प्लास्टिकची पिशवी घाला, विहिरीपासून लांब खोल खड्डा खणून पुरा, पिंजऱ्यावर ब्लीचिंग पावडरचं पाणी ओता आणि साबणाने हात धुवा.

विष टाकू नका, ही विनंती मी दोनदा करीन. काळ्या पुडीतलं झिंक फॉस्फाईड किंवा ट्यूबमधली पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट, दोन्हींवर उतारा नाही. पोटात गेलं की डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात आणि शरीर झुंजतं की नाही ते बघतात. मुंबईत मालाडला २०२२ च्या जुलैत उंदरासाठी विष लावून ठेवलेला टोमॅटो चुकून जेवणात पडला आणि घरातली तरुण बाई गेली. शेतात विष टाकलं तर ते खाऊन गुंगलेला उंदीर मांजर खाते, घुबड खातं. गव्हाणी घुबडाची एक जोडी पिलं वाढवताना रात्रीत कित्येक उंदीर घरट्यात नेते. धामण बिळात शिरून पिलांसकट साफ करते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या दोघांना मारण्यावर बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आपल्याच गड्यांना मारायचं कारण काय? चिकट पुठ्ठेही आणू नका. त्यावर पाल, साप, पाखरू काहीही चिकटतं आणि तासन्‌तास जिवंत तडफडत राहतं. काही ठिकाणी बांधावर विजेची तार सोडतात. आपल्याकडे कुणाच्या डोक्यात असं आलं असेल तर आत्ताच काढून टाका. पहाटे पाणी बघायला जाणारा माणूस आधी मरतो.

हल्ली मोबाईलवर विलायती बागांतले मोल आणि व्होल पकडण्याचे व्हिडीओ फिरतात आणि तसे जमिनीत रोवायचे सापळे लोक मागवतात. हे प्राणी कोकणात नाहीतच. आपल्या परसात लांब नाकाचा, उग्र वासाचा, चुकचुकत भिंतीकडेने पळणारा जीव दिसतो ती चिचुंद्री. ती झुरळं आणि किडे खाते. पिंजऱ्यात सापडली तर दार उघडून जाऊ द्या.

कातकरी बांधवांचं ज्ञान या कामात मोलाचं आहे. कुठलं बीळ जितं, बोळ कुठे वळतो, दुसरं तोंड कुठे असणार, हे ते मातीकडे बघून सांगतात. पेंढ्याची धुरी एका तोंडाने देऊन दुसऱ्या तोंडाशी जाळं धरण्याची त्यांची रीत कुठल्याही औषधापेक्षा सरस आहे. त्यांना बोलवा, पण रास्त मजुरी ठरवून बोलवा. पावसाआधी ज्यांच्या हाताला काम नसतं त्यांना या आठवडाभराचे पैसे रोख द्या. पुढे कापणीनंतर बिळं खणली तर निघालेलं भात त्यांचंच, हा जुना रिवाजही पाळा.

पडीक खाचरांच्या मालकांना वेगळं सांगायला हवं. जमीन विकायला काढली असेल, भराव पडला असेल, शेत करायचं सोडलं असेल, तो तुमचा निर्णय. पण त्या गवतात वाढलेल्या घुशी शेजारच्या शेतात आणि इमारतींच्या गटारांत येतात. एकदा गवत कापून घ्या आणि तिथे सापळे लावायला गावाला परवानगी द्या. सोसायट्यांनी ओला कचरा रात्री उघड्यावर ठेवणं थांबवलं, गटारांच्या तुटलेल्या जाळ्या बदलल्या, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाईल. पिंजऱ्यात सुकट ठेवायची आणि दहा पावलांवर उष्ट्याचा ढीग, मग उंदीर पिंजऱ्यात कशाला येईल? गावातल्या रांगोळी कलाकारांकडेही एक मागणं आहे. तुमच्या हाताने जूचंद्रचं नाव सगळीकडे नेलं आहे. बीळ, उकीर, तिरका कातरलेला फुटवा आणि सापळा लावण्याची योग्य जागा, एवढं चौकात मोठं करून काढा. छापील पत्रकाकडे न बघणारी माणसं तिथे थांबून बघतील.

लावणी झाली की महिन्याच्या आत दुसरी फेरी करायची आहे, पोटरी धरायच्या आधी. तेव्हाच बांध छाटून घ्या. खाचरामधला साधा बांध ३० सेंटिमीटरपेक्षा रुंद नसेल तर घुशीला त्यात घर करता येत नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आणखी एक युक्ती आग्नेय आशियातल्या शेतकऱ्यांबरोबर वापरून पाहिली आहे. साधारण २५ मीटर लांब-रुंद एका तुकड्यात इतरांपेक्षा दोन-तीन आठवडे आधी भात लावायचं, भोवती प्लास्टिकचा पडदा उभारायचा आणि पडद्याच्या भोकांशी पिंजरे ठेवायचे. आधी पिकणाऱ्या भाताच्या वासाने आसपासचे उंदीर तिथेच येतात आणि सापडतात. एका तुकड्याचा फायदा १० ते १५ हेक्टरांना होतो. खर्च एकट्याला परवडणारा नाही, दहा-पंधरा जणांनी वाटून घेतला तर जड नाही. यंदा एका ठिकाणी तरी करून बघू या. सल्ला हवा असेल तर डहाणूजवळ कोसबाड टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथली माणसं शेतकऱ्याला परत पाठवत नाहीत.

सुरुवात आज संध्याकाळीच करा. घरातल्या एका पोराला बरोबर घ्या, चिखलाचं घमेलं घ्या आणि आपल्या बांधावरची, परसातली सगळी बिळं बुजवा. उद्या सकाळी जी पुन्हा उघडलेली दिसतील ती जिती. प्रत्येकापाशी एक काठी रोवा, आकडा शेजाऱ्याला सांगा आणि त्याचा विचारा. पाड्यातले सगळे आकडे एकत्र झाले की किती पिंजरे लागतील ते कळेल. ज्याच्याकडे जास्तीचा पिंजरा आहे त्याने तो ज्याच्याकडे नाही त्याला द्यावा, आणि कमी पडतील तेवढे वर्गणी काढून याच आठवड्यात आणावेत.