उसनवारी, भीड आणि हिशेब

पैठणचे नाव निघाले की नाथांचे औदार्य आठवते. त्यांची हिशेबातील दक्षता सहसा आठवत नाही. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना जमाखर्चातील एका पैची चूक शोधण्यासाठी एकनाथांनी रात्र जागविली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजविली, अशी कथा परंपरेने जपली आहे. तिचा आध्यात्मिक अर्थ काहीही असो, पैचा हिशेब ठेवणारे नाथच पुढे पैठणात अन्नदानासाठी ख्यात झाले. हिशेब हा औदार्याचा शत्रू नव्हे, एवढा बोध तरी त्यातून घेण्यास हरकत नसावी.

मित्रांमधील उसनवारीत मात्र नेमके उलट मानले जाते. शिक्षकाचा पगार लांबला, कारकुनाच्या घरी आजारपण निघाले, विद्यार्थ्याची शुल्क भरण्याची अखेरची तारीख आली, की पहिली आठवण मित्राची होते. पतसंस्थेत अर्ज आणि जामीनदार, बँकेत तारण. मित्राकडे केवळ शब्द. व्याज नसल्यामुळे हे हातउसने कर्ज सर्वांत स्वस्त वाटते. वस्तुतः मित्राचा पैसाही रिकामा पडलेला नसतो. त्याच्याही घराचे हप्ते आणि मुलांचे शिक्षण असते. व्याज आकारले जात नाही, इतकेच; महागाईची झीज देणाराच सोसतो.

तरीही मैत्री तुटते ती पैशामुळे क्वचितच. बहुधा अबोल्यामुळे तुटते. देणाऱ्याला मागण्याची भीड, घेणाऱ्याला अडचण सांगण्याची भीड. मग एकजण चहाची नेहमीची टपरी टाळू लागतो आणि दुसरा त्याच्या दारातील नव्या स्कूटरकडे पाहून मनातल्या मनात आकडे मांडू लागतो. भीड ही भिकेची बहीण, असे म्हणतात. मैत्रीचीही ती वैरीण ठरते.

यावर उपाय म्हणून लेखी नोंद सुचविली की अनेकांना अपमान वाटतो. त्याला इतिहासही कारण आहे. १८७५ साली सुपे येथून पसरलेल्या दंग्यांत दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखेच जाळले. कागद म्हणजे फास, ही आठवण समाजमनात खोल रुजली आहे. परंतु तो कागद धनकोच्या ताब्यातला होता आणि निरक्षर ऋणकोस वाचताही येत नव्हता. मित्रांमध्ये कागद ऋणकोने आपण होऊन लिहावा. धनकोने मागितला तर त्यात अविश्वास दिसतो. ऋणकोने दिला तर आदर दिसतो. रक्कम, तारीख, परतीची मुदत आणि सही, एवढ्या चार ओळी पुरतात. मोबाइलवरून पाठविलेल्या पैशाची नोंद आपोआप राहते हे खरे. पण मुदतीची राहत नाही, आणि भांडण बहुधा मुदतीवरूनच होते. २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने उसनी घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, हेही अनेकांस ठाऊक नसते.

घेणाऱ्याने आणखी काही पथ्ये पाळावीत. कारण खरे सांगावे आणि मित्राला नकार देण्यास मोकळीक ठेवावी. मुदत साधणार नसेल तर ती उलटण्यापूर्वीच जाऊन सांगावे आणि थोडी तरी रक्कम हाती ठेवावी. जुने फिटल्याशिवाय नवे मागू नये. देणाऱ्यानेही परत येण्यास विलंब झाला तरी संसार अडणार नाही एवढेच द्यावे. मोठ्या गरजेसाठी पतसंस्थेचा रस्ता दाखवावा. तेथील नकाराने मैत्री तुटत नाही.

१९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा कर्जाच्या वसुलीचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. त्यानंतर न्यायालयाचे दार बंद होते. मित्राच्या मनातील खाते मात्र त्यानंतरही उघडेच राहते. ते बंद करण्याचा अधिकार आणि कर्तव्य, दोन्ही घेणाऱ्याकडे आहेत. पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागविणाऱ्या नाथांच्या गावात तरी मित्राला हिशेब देण्यात कोणी कमीपणा मानू नये.