विश्लेषण : झिंक बंद झालं, आता भिस्त सोयाबीनवर! युरोपातल्या वराहपालकांसमोरचा पेच काय?

डुकराच्या पिल्लांना हगवण लागू नये म्हणून त्यांच्या खाद्यात झिंक ऑक्साइडचा मोठा डोस मिसळायचा, ही युरोपातली अनेक वर्षांची पद्धत. जून २०२२ मध्ये युरोपियन युनियनने ती बंद केली. तेव्हापासून डेन्मार्कसारख्या देशांतले वराहपालक पर्याय शोधत आहेत. त्यातला एक पर्याय म्हणजे प्रक्रिया केलेलं सोयाबीन. हा पर्याय कितपत चालतो, यावर अँटिबायोटिक्सचा वापर किती होणार हेही अवलंबून आहे.

झिंकवर बंदी का आली?

औषध म्हणून किलोभर खाद्यात साधारण २,५०० मिलिग्रॅम झिंक दिलं जायचं. त्यातलं बहुतेक विष्ठेतून बाहेर पडतं, खतावाटे शेतात जातं आणि मातीत साचत राहतं. शिवाय झिंकला सरावलेले जिवाणू अनेकदा अँटिबायोटिक्सनाही दाद देत नाहीत. म्हणून २०१७ मध्येच बंदीचा निर्णय झाला आणि पाच वर्षांची मुदत दिली गेली. आता पिल्लांच्या खाद्यात किलोमागे १५० मिलिग्रॅम झिंकचीच परवानगी आहे.

पिल्लांचं पोट बिघडतं कशामुळे?

निसर्गात पिल्लाचं दूध काही महिन्यांत हळूहळू सुटतं. फार्मवर मात्र ते साधारण चौथ्या आठवड्यात एका दिवसात तोडतात. त्या वयात पोटात आम्ल कमी असतं, पाचकरस पुरेसे तयार झालेले नसतात. न पचलेलं प्रथिन आतड्यात पुढे सरकतं, घातक जिवाणू वाढतात आणि हगवण सुरू होते.

मग नेहमीची सोया पेंड का चालत नाही?

मोठ्या डुकरांना ती चालते. पण सोयाबीनमध्ये पचनात अडथळा आणणारे घटक असतात. त्यातले काही उष्णतेने निष्प्रभ होतात. मात्र काही प्रथिनं कोवळ्या आतड्याला सोसत नाहीत आणि ती नुसत्या भाजण्याने पूर्ण जात नाहीत. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्कराही तशाच टिकून राहतात. कडधान्यं खाल्ल्यावर आपल्याला गॅस होतो, तो यांच्यामुळेच.

प्रक्रियेत नेमकं काय करतात?

मुख्य पद्धती तीन. पहिली, पेंड अल्कोहोलमिश्रित पाण्याने धुऊन शर्करा काढून टाकायची. यात प्रथिनाचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास जातं. दुसरी, जिवाणू किंवा बुरशी वापरून पेंड आंबवायची. तिसरी, एन्झाइम्स वापरून त्रासदायक घटक मोडायचे. पूर्वी हे काम मासळीची भुकटी आणि दूध पावडर करायची, पण त्या महाग पडतात.

प्रश्न सुटला का?

पूर्ण नाही. प्रक्रिया केलेलं सोयाबीनही साध्या पेंडीपेक्षा महागच असतं आणि आंबवलेल्या मालाचा दर्जा प्रत्येक खेपेला सारखा येईलच असं नाही. डेन्मार्कमध्ये तर झिंक बंद झाल्यावर पिल्लांसाठी निओमायसिन या अँटिबायोटिकचा वापर वाढला. म्हणजे एक औषध गेलं आणि त्याची जागा काही प्रमाणात दुसऱ्याने घेतली. खाद्य बदलण्याबरोबर त्यातलं एकूण प्रथिन कमी करणं, गोठ्याची स्वच्छता राखणं आणि दूध थोडं उशिरा तोडणं हेही करावं लागतं. दूध उशिरा तोडलं तर मादी पुन्हा गाभण राहायला वेळ लागतो आणि शेतकऱ्याचं उत्पन्न घटतं. खरा पेच इथे आहे.

आपला संबंध काय?

भारतात पिकणारं सोयाबीन जनुकीय बदल न केलेलं असतं, म्हणून युरोपात आपल्या पेंडीला गिऱ्हाईक आहे. महाराष्ट्र हे सोयाबीन पिकवणारं देशातलं एक आघाडीचं राज्य. दुसरा धागा औषधांचा. माणसांसाठी शेवटचा उपाय मानलं जाणारं कोलिस्टिन जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यावर भारताने २०१९ मध्ये बंदी घातली. औषध बंद करणारा आदेश एका दिवसात निघतो. त्याची गरजच पडू नये असं खाद्य आणि तशी पाळण्याची पद्धत उभी करायला वर्षं लागतात, आणि तो खर्च कोणी उचलायचा हे आधी ठरवावं लागतं. डेन्मार्कचा अनुभव हेच सांगतो.