तुळशीला बेसिल म्हणू नका

के. आर. पुरमचा झुलता पूल मागे टाकून जुन्या मद्रास रस्त्याने बाजारात शिरलं की फुलवाल्या बायकांच्या रांगेत तुळशीचे ढीग दिसतात. शेवंती, झेंडू, अबोली (तिला इथे कनकांबर म्हणतात) आणि मध्ये हिरवीकाळी तुळस. गुंफलेली माळ मोळाने मिळते. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात. ज्या बाईचा हात लांब तिच्याकडून घ्यावी, हे मी इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच शिकले.

त्याच संध्याकाळी व्हाइटफील्डहून मेट्रोने घरी परतणारी आमच्यासारखी मंडळी वाटेतल्या सुपरमार्केटात थांबतात आणि फ्रीजमधून प्लॅस्टिकची एक डबी उचलतात. तिच्यावर लिहिलेलं असतं ‘थाई बेसिल’. आत मूठभर पानं. किंमत बाजारातल्या तुळशीच्या कैकपट. घरी जाऊन दहा मिनिटांत थाई बेसिल चिकन करायचं असतं.

माझा वाद त्या डबीशी आहे. आतल्या पानांशी नाही, ती बिचारी सुवासिक असतात. वाद आहे तो वरच्या नावाशी.

हॉटेलांच्या मेनूवर ज्याला कुठे ‘पॅड क्रापाव’ आणि कुठे ‘थाई बेसिल चिकन’ म्हणतात, त्याचं मूळ नाव ‘फत कफ्राव’. फत म्हणजे परतणं. कफ्राव म्हणजे तुळस. परतलेली तुळस. मांसाचं नाव त्यात नाहीच. ते मागून जोडतात, डुकराचं, कोंबडीचं, कोळंबीचं, जे घरात असेल ते. थायलंडमध्ये हा पदार्थ इतका रोजचा आहे की काय खावं ते सुचत नसेल तेव्हा मागवायचं जेवण अशी त्याची थट्टा होते. आपल्याकडच्या पिठलं-भातासारखं.

आणि कफ्राव म्हणजे ‘तुळशीसारखं काहीतरी’ नव्हे. तुळसच. थायलंडच्या स्वयंपाकघरात या कुळातल्या तीन वनस्पती असतात. कफ्राव ही तुळस. होरफा हा सब्जाचा भाऊबंद, बडीशेपेसारख्या वासाचा. हिरव्या करीत पडतो, नूडल्सबरोबर कच्चाही खातात. तिसरी मेंगलक, लिंबाच्या वासाची. डबीत असतो तो होरफा. म्हणजे आपण पैसे मोजून वेगळंच पान आणतो, ‘परतलेली तुळस’ त्यात करतो, आणि खरी तुळस आपल्याच बाल्कनीत दोन पावलांवर उभी असते.

लिनीयसने या झाडाला १७५३ साली ‘ओसिमम टेन्युइफ्लोरम’ म्हणजे नाजूक फुलांची असं नाव दिलं, आणि १७६७ साली पुन्हा ‘ओसिमम सँक्टम’, पवित्र, असं दुसरं. एकाच झाडाला दोन नावं झाली, तेव्हा नियमाप्रमाणे जुनं टिकलं. शास्त्राने ‘पवित्र’ हा शब्द बाजूला ठेवला. इंग्रजी पाकपुस्तकांनी तो ‘होली बेसिल’मध्ये जपला. ‘बेसिल’ मुळात ग्रीक, राजाचं या अर्थाचा. राजेशाही, पवित्र, थाई: एवढी विशेषणं अंगावर घालून तुळस आपल्यासमोर आली की आपण तिला ओळखत नाही. ओळखायचं नसतंच, असा माझा आरोप आहे.

हे भाषांतराचं दुखणं आहे म्हणूनच या पानांवर मांडते आहे. मराठी पाककृतींत इटालियन पेस्टोला ‘तुळशीची पानं’ असं बिनधास्त लिहिलेलं मी वाचलं आहे, जिथे ती तुळस नाही. आणि जिथे ती खरोखर तुळस आहे तिथे आपण ‘बेसिल’ लिहितो. कन्नडमध्ये सब्जाच्या झाडाला कामकस्तूरी म्हणतात. किती देखणा शब्द! एकीकडे वृंदावनातली तुळस, दुसरीकडे कामकस्तूरी, आणि इंग्रजी दोघींना एकाच पोत्यात भरतं. मराठीत सब्जा हा शब्द आहे, पण तो फालुद्यातल्या बियांपुरता उरला. डबीवर ‘सब्जाची पानं’ लिहा, माझी तक्रार संपली.

पण हा नुसता शब्दांचा खेळ नाही. तो कुठे लागतो ते सांगते.

घर शोधत होतो तेव्हा इथल्याच एका गल्लीत एक जागा आवडली होती. मालकीणबाई आमचं आधीचं घर बघायला आल्या. बाल्कनीत कुंडीतली तुळस पाहून त्यांचा चेहरा फुलला. “प्युअर वेज, अल्वा?” त्यांनी विचारलं. प्रश्न नव्हताच तो. तुळस आहे म्हणजे शाकाहारी, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. मी नाही म्हटलं. घर मिळालं नाही. त्याचं दुःख फार दिवस टिकलं नाही, पण त्या तुळशीकडे बघून काढलेला निष्कर्ष मात्र डोक्यातून जात नाही. तुळस शाकाहाराचं प्रमाणपत्र केव्हापासून झाली?

आमच्याकडे साताऱ्यात तर नव्हती. ज्या अंगणात रविवारी मटणाचा रस्सा रटरटतो त्याच अंगणात तुळशीवृंदावन असतं. कोळीवाड्यात दारासमोर तुळस आणि पलीकडे वाळत घातलेला जवळा, दोन्ही एकाच उन्हात. कार्तिकात तुळशीचं लग्न लावणाऱ्या घरांतली किती घरं वर्षभर मासे खातात, ते कोकणात कुणालाही विचारा. माझी आजी माळकरी. तिने आयुष्यात मांसाला हात लावला नाही, एकादशी मोडली नाही. पण घरातल्या बाकीच्यांचं ताट तिने कधी तुळशीपुढे उभं करून तपासलं नाही. तिचा नेम तिचा होता. तो दुसऱ्याच्या चुलीवर चढवायची कल्पना तिला सुचली नसती.

आपण ‘बेसिल’ म्हणतो तेव्हा नेमकं काय करतो? मांसाबरोबर तुळस शिजवतो हे कबूल करणं टाळतो. परकं नाव घेतलं की मनाची टोचणी जाते, आणि तुळस मात्र त्या मालकीणबाईंच्या हिशेबात जमा होते. ज्यांना तुळस पातेल्यात घालायची नाही त्यांनी जरूर घालू नये; ती श्रद्धा आहे आणि तिच्याशी माझं भांडण नाही. पण मग फत कफ्राव करू नका, दुसरं काहीतरी करा. पान बदलून, नाव बदलून, दोन्हीकडून सोवळं राखायचं आणि वर ‘अगदी ऑथेंटिक’ म्हणायचं, याला मी लबाडी म्हणते.

आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, “अगं, तुळस दातांनी चावूसुद्धा नये म्हणतात. गिळायची असते.”

“आणि काढ्यात उकळायची?”

“ते औषध आहे.”

“नैवेद्यावर ठेवायची?”

“तो नैवेद्य आहे. तू वकिली करू नकोस.”

तिचं म्हणणं कमकुवत आहे असं मी म्हणणार नाही. औषध, नैवेद्य आणि जेवण या तीन गोष्टी तिच्यासाठी तीन वेगळ्या खोल्या आहेत. पण तुळस या तिन्ही खोल्यांत आधीपासूनच वावरते आहे. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरीचा काढा सुचवला, तेव्हा कोविडच्या भीतीने घराघरांतून तुळस उकळत होती. कुणी विचारलं नाही, दुपारी काय जेवलात?

एक आक्षेप मात्र खरा आहे. थायलंडमधला वाण आपल्यासारखा नाही. तिथली पानं जास्त झणझणीत, मिरीसारखी. आपल्या कृष्णतुळशीत लवंगेचा वास पुढे येतो, कारण लवंगेतलं युजेनॉल तुळशीतही असतं. पण हा फरक लवंगी आणि बेडगी मिरचीतला फरक आहे. डबीतल्या पानाची तर जातच वेगळी. आपली पानं थोडी कमी घालावीत, एवढंच.

आणि हा पदार्थ परका वाटावा असं त्यात आहे तरी काय? पाया ठेच्याचा. पाच-सहा लसूण पाकळ्या आणि चार-पाच लवंगी मिरच्या खलबत्त्यात जाडसर ठेचायच्या. मिक्सर लावला तर पाणी सुटतं आणि ठेचा तळायच्या ऐवजी शिजतो. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची, दोन चमचे तेल, त्यात ठेचा. खोकला आला की समजायचं जमलं. मग पाव किलो चिकनचा खिमा, त्याहून जास्त एका वेळी नाही, कारण घरच्या गॅसला थाई रस्त्यावरच्या शेगडीची आच नसते आणि गर्दी झाली की खिमा पाण्यात उकडतो. चमचाभर सोया सॉस, चमचाभर फिश सॉस, चिमूटभर गूळ. फिश सॉस म्हणजे मिठात महिनोन्महिने मुरवलेल्या मासळीचं पाणी; सुकटीच्या वासावर वाढलेल्यांना ते नवीन नाही, शेजाऱ्यांना असू शकतं. खिडकी उघडी ठेवा. चवळीच्या लांब शेंगा घालाव्यात की नाही यावर थाई लोकच आपसांत भांडतात. मी घालते. शेवटी दोन मुठी तुळस, दोनदा परतायची आणि लगेच गॅस बंद. होरफा कच्चा गोड लागतो, तुळशीचा खरा वास गरम तेलात उघडतो. वर कडा कुरकुरीत होईतो तळलेलं अंडं, खाली सोना मसुरीचा भात.

शेगडीवर हे सगळं पाच मिनिटांचं. पण तुळस खुडायची, मंजिऱ्या काढायच्या, पानं धुवायची, फडक्यावर कोरडी करायची, याला अर्धा तास जातो आणि तो ‘झटपट’मध्ये कुणी धरत नाही. आमच्याकडे ते काम नवऱ्याकडे आहे. तो मंजिऱ्या नीट काढत नाही.

बाजारातली पूजेची तुळस यासाठी वापरू नका. ती खायला म्हणून पिकवलेली नसते, तिच्यावर काय फवारलंय कुणास ठाऊक. दुसरी कुंडी लावा. आमच्या बाल्कनीत आता दोन आहेत. एक पूर्वेची, आईने आल्यावर हळदकुंकू लावलेली; दुसरी स्वयंपाकघराच्या खिडकीशी, सतत खुडून खुडून झुडपासारखी झालेली. आई मागच्या वेळी आली तेव्हा तिने दोन्हींना पाणी घातलं. चिकन तिने खाल्लं नाही, मश्रूमचं केलं ते खाल्लं, आणि मीठ जास्त झालंय म्हणाली. झालं होतं.

द्वादशीला मात्र मी खिडकीजवळच्या कुंडीतलीही पानं खुडत नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. त्या दिवशी आमच्याकडे अंडाकरी असते.